नीराकाठचे मेंढपाळ आणि अस्मानी

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नीरा नदीच्या उत्तर तीरावर निरवांगी हे गाव वसलेले आहे. नदी ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका लागतो. श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने या मुलखाचा इतिहास लिहावयाचा म्हटले, की प्रथम पाटील-कुलकर्णी, वतने-इनामे, कालवा आणि ऊस यांची आठवण होते. ही सर्व माहिती कागदोपत्री सापडते. परंतु या भागात शेकडो वर्षे वावरलेला एक समाज असा आहे, की ज्याची नोंद कागदावर फारशी झालेली नाही. कागद एका जागी बसून लिहिला जातो आणि हा समाज एका जागी बसत नाही. तो म्हणजे मेंढपाळ धनगर समाज होय. अवर्षण, टंचाई, रोगराई व अवकाळी पाऊस यांना तोंड देत हा समाज कसा तगला, आणि पूर्वी साधलेले हे तगणे आता अवघड का झाले आहे, याचा विचार येथे केला आहे.

इंदापूर व बारामती हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत पावसाळी ढग रिकामे होतात आणि वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास पाऊस पदरात पडतो. तोही वेळेवर पडेल अशी खात्री नसते. नदीकाठची काळी जमीन सोडली तर बाकी सर्व माळ. या माळावर पीक हमखास येत नाही, पण गवत येते. गवत खाऊन जगणारे, कमी पाण्यावर भागविणारे आणि दिवसाकाठी कोसा-कोसाची मजल मारणारे जनावर म्हणजे दख्खनी मेंढी. काळ्या, राठ लोकरीची, दिसायला किरकोळ, पण काटक. हा प्रदेश मेंढीला मानवला आणि मेंढीमुळे माणूस येथे राहू शकला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या मुलखातील देवदेवताही मेंढपाळांशी जोडलेल्या आहेत. जेजुरीचा खंडोबा, पुरंदर तालुक्यातील वीरचा म्हस्कोबा, आरेवाडीचा बिरोबा ही धनगरांची दैवते सर्वांना परिचित आहेत. गुंथर सोन्थायमर (१९३४-१९९२) या जर्मन विद्वानाने महाराष्ट्रातील धनगरवाड्यांवर राहून, त्यांच्या ओव्या ऐकून व ध्वनिमुद्रित करून या दैवतांवर १९७६ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या अंगणातील गोष्ट सातासमुद्रापलीकडच्या माणसाने आधी टिपून घ्यावी, हे जरा विचार करावयास लावणारे आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी तर १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतापर्यंत नेऊन पोहोचविले. विद्वानांत त्यावर मतभेद असतील. परंतु आषाढी वारीत बारामती तालुक्यातील काटेवाडी येथे संत तुकाराम महाराजांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, ते लाखो लोक दरवर्षी डोळ्यांनी पाहतात. पालखीभोवती मेंढरे फिरली म्हणजे त्यांना वर्षभर रोगराई होत नाही, अशी श्रद्धा आहे. संत सोपानकाकांची पालखी सासवडहून निघून निरवांगीवरून अकलूजकडे जाते, त्यामुळे वारी आणि माळ यांचे नाते या गावाला वेगळे सांगावयास नको. नीराकाठच्याच होळ गावचे मल्हारराव होळकर हेही याच समाजातले. त्यांच्या सूनबाई पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी देशभर किती देवळांचा जीर्णोद्धार केला व किती घाट बांधले, हे जीर्णोद्धाराच्या प्रसंगी स्मरणे उचितच ठरेल.

मेंढपाळाच्या भटकण्याकडे गावकरी माणूस पुष्कळदा कमीपणाने पाहतो. घरदार असून वाटेवर राहतो, मुलांची शाळा बुडते, असे बोलले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. तथापि हे भटकणे म्हणजे लहरीपणा नसून हवामानाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. मृगाचा पाऊस पडला की माळावर कोवळे गवत येते. तेव्हा मेंढरे गावच्या शिवारात असतात. दसरा-दिवाळीपर्यंत माळ वाळू लागतो. त्या सुमारास बऱ्याच मेंढ्या विततात. मग तट्टांवर बिऱ्हाड चढते. घोंगड्या, जेन, भांडीकुंडी, पिठाचे डबे, मेंढरे कोंडण्याची वाघर, आणि झोळीत चार-सहा दिवसांची कोकरे. चार-पाच कुटुंबांचा मिळून एक वाडा निघतो. काही वाडे भीमाथडीला जातात, काही मावळाकडे, तर बारामती, इंदापूर, फलटण या भागांतील अनेक वाडे बोरघाट किंवा वरंधा घाट उतरून कोकणात जातात. कोकणात भात निघून गेलेले असते, धसकटे उभी असतात, पाण्याला तोटा नसतो. तेथील शेतकरी आपल्या खाचरात मेंढरे बसवितो आणि त्या बदल्यात भात किंवा रोख पैसे देतो. लेंडी व मूत यांमुळे जमीन सकस होते. मे महिना सरत आला, आभाळ भरू लागले की वाडे पुन्हा घाट चढतात, कारण कोकणचा पाऊस या मेंढीला सोसत नाही.

म्हणजे एका ठिकाणी पाऊस फसला तर दुसरे ठिकाण, एका ठिकाणी पाऊस जास्त झाला तर तिसरे. शेतकऱ्याचा सर्व जुगार एका शिवारावर असतो. मेंढपाळाने तो पाच तालुक्यांत वाटून टाकलेला असतो. कुटुंबातील म्हातारी माणसे व थोडी जनावरे गावी राहतात, तरुण वाटेवर असतात. हाही त्याच हिशेबाचा भाग आहे. वाड्यावरच्या बायकांचे श्रम तर कोणाच्या खिजगणतीत नसतात. पहाटे बिऱ्हाड उचलणे, पुढच्या मुक्कामी पोहोचून ते मांडणे, पाणी-सरपण आणणे, आजारी कोकराला जगविणे हे सर्व त्याच करतात.

दुष्काळ या मुलखाला नवे नाहीत. १६३०-३२ चा, १८७६-७८ चा, १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा, असे मोठे दुष्काळ दख्खनने पाहिले. अशा काळात सैरावैरा होणे शेतकऱ्याच्या वाट्याला येई. मेंढपाळाचीही हानी होई, परंतु कोणत्या घाटाने उतरावे आणि कोणत्या गावचा कोण माणूस मेंढरे बसवून घेईल, हे त्याला ठाऊक असे. संकटाच्या वर्षी जाण्याची वाट चांगल्या वर्षीच मळलेली होती. त्याचे खरे भांडवल मेंढरे नव्हेत, ही वाट होय.

ती वाट अरुंद कशी होत गेली, हे पाहण्यास इंदापूर तालुक्याइतका चांगला दाखला दुसरा नाही. मुंबई इलाख्याची प्रसिद्ध जमीन-मोजणी व सारा-पद्धती मुळी येथूनच सुरू झाली. प्रिंगल साहेबाची आधीची आकारणी जड झाल्याने जमिनी ओस पडू लागल्या, म्हणून गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूरची फेरमोजणी केली आणि १८३६ साली ३० वर्षांच्या मुदतीची नवी आकारणी लागू झाली. प्रत्येक शेताला नंबर आला, हद्दीचे दगड आले, मातीची प्रत ठरली. आज ज्याला आपण सातबारा म्हणतो, त्याची मुळे त्या मोजणीत आहेत. सारा हलका झाल्याने पडीक जमिनी भराभर लागवडीखाली आल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. परंतु पडीक जमीन म्हणजे मेंढपाळाचे कुरण होते. उरलेल्या पडीक नंबरांच्या चराईचे लिलाव होऊ लागले. १८६७ साली फेरआकारणीत सारा पुष्कळ वाढला, सावकारी फोफावली आणि १८७५ साली सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले, हा भाग शाळेच्या पुस्तकांतही आहे. त्या दंग्यांच्या इतिहासात कुणबी आहे, सावकार आहे, सरकार आहे. मेंढपाळ मात्र नाही. पुढे १८७८ साली जंगल कायदा आला आणि राखीव कुरणात मेंढरू शिरले की दंड सुरू झाला.

१८७६ च्या दुष्काळाच्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे काम हाती घेतले गेले व १८८५ साली त्याला पाणी सुटले. या कालव्याने बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला दुष्काळाच्या जबड्यातून बाहेर काढले, याबद्दल दुमत नाही. १९३० नंतरच्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला व वालचंदनगर वसले; पुढे सहकारी कारखाने आले. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेकाठची गावे व गायराने पाण्याखाली गेली. उसाचे वाढे जनावरांना मिळते हे खरे, पण उभ्या उसातून वाडा जाऊ शकत नाही. बारमाही पिकाच्या शिवारात मेंढरे बसविण्यास रिकामे रान तरी कोठून मिळणार? त्यात रासायनिक खत पिशवीतून येऊ लागले, लेंडीखताची गरज कमी वाटू लागली आणि शेतकरी-मेंढपाळ हा जुना देवघेवीचा व्यवहार सैल झाला. अलीकडे जमिनीचा कस उतरल्यावर पुन्हा मेंढरे बसविण्याकडे काही बागायतदारांचे लक्ष वळत आहे, ही समाधानाची बाब आहे. लोकरीचे मात्र दिवस फिरलेले नाहीत. कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीच्या किमतीतून सुटत नाही.

राहता राहिले गायरान. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे गावच्या गुरांसाठी जमीन राखून ठेवता येते. परंतु कलम २३ असे सांगते, की त्या चराईचा हक्क ज्या गावाची ती जमीन आहे त्या गावच्या गुरांपुरताच आहे. वाटेने जाणाऱ्या वाड्याचा त्यावर कायदेशीर हक्क नाही. गावकऱ्यांनी चरू दिले तर दिले. शिवाय गावोगावची गायरानेच आकसली. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा निकाल दिला आणि त्यानंतर राज्य शासनानेही १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढला. कागद उत्तम आहे. अंमल किती झाला, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या वेशीबाहेर जाऊन पाहावे.

१९७२ चा दुष्काळ आजच्या वडीलधाऱ्यांना आठवतो. खडी फोडण्याची कामे, सुकडी, मिलो ज्वारी या गोष्टी त्यांच्या तोंडून ऐकावयास मिळतात. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. माणसाच्या हाताला काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले, ही महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी होय. जनावरांसाठी छावण्या निघाल्या. २०१२-१३ व २०१८-१९ च्या टंचाईतही निघाल्या. परंतु छावणी म्हटली की ती दावणीच्या जनावरांची, गायी-म्हशी-बैलांची. शेळ्या-मेंढ्यांच्या छावणीचा प्रश्न ठळकपणे पुढे येण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

इतके दिवस अस्मानी म्हणजे पाऊस न पडणे, असाच अर्थ होता. आता ती उलट्या बाजूनेही येऊ लागली आहे. १ व २ डिसेंबर २०२१ रोजी पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत अवकाळी पाऊस व बोचरी थंडी एकदम आली. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, संगमनेर या भागांत उघड्यावर बसलेली मेंढरे रात्रभर भिजली आणि गारठून मेली. दिवाळीनंतरचे ते दिवस म्हणजे कोकरे लहान असण्याचे, वाडे वाटेवर असण्याचे. दुष्काळात मेंढरू हळूहळू खंगते, मालकाला चार पावले उचलण्यास वेळ मिळतो. येथे एका रात्रीत वाडा बसला. पुढे २०२५ च्या मे महिन्यात पावसाने कहरच केला. मोसमी पाऊस २५ मे रोजीच राज्यात येऊन थडकला. त्याच सुमारास बारामती-इंदापुरात धुवाधार पाऊस होऊन २५ मे रोजी पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. मेअखेर हा कोकणातून परतण्याचा काळ. ज्या आभाळाकडे पाहून घाट चढण्याचा दिवस ठरवावयाचा, त्या आभाळानेच जुने वेळापत्रक मोडले.

अशा आपत्तीत शासनाची मदत मिळते, हे खरे. २०२२ साली ठरलेल्या केंद्रीय निकषांप्रमाणे मेंढी किंवा शेळी मेल्यास दर जनावरामागे ४,००० रुपये, आणि कुटुंबामागे मर्यादा ३० लहान जनावरांची. ज्याचा संसार शंभर-दीडशे मेंढरांवर चालतो, त्याची निम्मी मेंढरे एका रात्रीत गेली तर तिसाच्या पुढचे नुकसान त्याने सोसावयाचे. त्याहून मोठी अडचण कागदाची आहे. मृत जनावराचा पंचनामा तलाठ्याने (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) करावयाचा, शवविच्छेदनाचा दाखला पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने द्यावयाचा, आणि हे सर्व जनावर जेथे मेले तेथे. मेंढपाळाचे रेशनकार्ड, आधार, बँकेचे खाते असते आपल्या गावी. वाडा तर त्या मुलखात परका. मेलेली मेंढरे दोन दिवस ठेवून पंचनाम्याची वाट पाहावी, तर उरलेली मेंढरे चाऱ्याविना उभी आणि रोगराईचे भय वेगळे. पुढे चालू लागावे, तर पुरावा मागे राहतो. यात कोणा एकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. नियम ज्यांनी केले, त्यांच्या डोळ्यांपुढे गोठ्यातले जनावर होते.

बाहेरच्या देशांत याच प्रश्नावर निराळा उपाय निघाला आहे. आफ्रिकेतील केनिया देशाच्या उत्तरेस मार्साबित हा कोरडा प्रदेश आहे. तेथील पशुपालकही आपल्या धनगरांसारखे पाण्या-गवतामागे फिरतात. तेथे २०१० साली एक विमा सुरू झाला. त्यात मेलेली जनावरे मोजीत नाहीत, तर उपग्रहावरून त्या भागातील गवताचा हिरवेपणा मोजतात. गवत ठराविक पातळीखाली गेले की विमेदाराला पैसे मिळतात. २०१५ पासून त्या देशाच्या सरकारनेही अशी योजना हाती घेतली. त्यातील मुख्य विचार हा, की पैसे जनावर मरण्यापूर्वी हाती पडावेत, म्हणजे चारा-औषध घेऊन ते जगविता येईल. या विम्यातही उणिवा आहेत. थंड पावसाने एका रात्रीत मेंढरे गेली तर उपग्रहाला गवत हिरवेगारच दिसणार! परंतु पंचनाम्याची वाट न पाहणारी मदत असू शकते, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

आपल्याकडेही काहीच झाले नाही असे नव्हे. राज्य शासनाने १९७८ साली मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन केले व ते आज पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने ओळखले जाते. २०१७ साली सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या व १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद झाली. पुढे जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांसाठी दरमहा ६,००० रुपये चराई अनुदानही आले. लाभार्थ्यांची संख्या मात्र मागणीच्या मानाने थोडी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. जुळी कोकरे म्हणजे दुप्पट उत्पन्न हे हिशेबाला सोपे आहे, परंतु जुळ्यांना पुरेल इतके दूध येण्यास आईला खुराक लागतो आणि वाटेवर तो कोठला? म्हणून कोणती मेंढी कोणाला मानवेल, हे मेंढपाळानेच ठरवावे हे बरे. मांसासाठी मोठ्या चणीच्या मेंढ्या घेण्याचा कल वाढला आहे; त्यात काळी दख्खनी मेंढी हरवली तर पुढच्या दुष्काळात ती आणावयाची कोठून, हाही विचार व्हावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१ व्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची प्रथमच वेगळी नोंद घेण्यात आली, आणि २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणे व पशुपालक यांचे म्हणून जाहीर केले आहे. कागदावर का होईना, वाटेवरचा माणूस दिसू लागला आहे.

विमा, निकष, कायदा या गोष्टी मुंबई-दिल्लीत ठरतात. गावाच्या हाती असलेल्या गोष्टी साध्या आहेत. वाडा दिवाळीनंतर निघतो. त्याच्या आधी पंधरा दिवस गावात पीपीआर, देवी व आंत्रविषाराची लस आणि जंताचे औषध देण्याचे शिबिर झाले, तर निम्मी मरतूक टळेल असे जाणते मेंढपाळ सांगतात. गायरानाच्या कडेला वाट व पाण्याचा हौद राखता येतो. अनोळखी वाडा शिवारात आला आणि आपत्ती आली, तर त्याला तलाठ्याकडे व दवाखान्यात घेऊन जाण्यास गावातील एक लिहितावाचता माणूस पुरतो. आणि अवकाळीच्या रात्री छप्पर. मेंढीमागे सरासरी दहा चौरस फूट जागा धरली, तर शंभर मेंढरांचा वाडा हजार चौरस फुटांच्या पत्र्याखाली मावतो. एवढी जागा आज बहुतेक गावांत देवळाचा सभामंडप, बाजारची शेड किंवा मंगल कार्यालय यांपैकी कोठे ना कोठे आहे. सभामंडपात मेंढरे घ्यावीत की नाही हा ज्या त्या गावाचा प्रश्न. शेडला मात्र सोवळे-ओवळे नाही, सकाळी झाडून घेतली की झाले, आणि लेंडी शेतकरी आनंदाने उचलून नेतो.